आर्गॉन आला कुठून?

‘केळ्यात किरणोत्सर्गी पोटॅशियम असतं, सावधान!’ असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरतो. वाक्य खरं, भीती खोटी. पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी प्रकार केळ्यात आहे, बटाट्यात आहे, डाळीत आहे आणि आपल्या अंगातही आहे. ७० किलोच्या माणसात त्याच्या सुमारे ४,००० केंद्रकांचा (अणूच्या गाभ्यांचा) दर सेकंदाला ऱ्हास होत असतो. केळी जास्त खाल्ली तरी हा आकडा चढत नाही. जादा पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात.

पोटॅशियमचे ३९ आणि ४१ हे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, स्थिर आहेत. ४० मात्र दहा हजार अणूंत एखादाच. त्यात प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २१, दोन्ही विषम. दोन्ही जातींत एकेक कण जोडीविना उरतो आणि केंद्रक अस्थिर होतं. न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की कॅल्शियम-४०. प्रोटॉनने कवचातला इलेक्ट्रॉन गिळला की आर्गॉन-४०. शंभरातले सुमारे ८९ पहिल्या वाटेने जातात, बाकीचे दुसऱ्या.

पण अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, तब्बल १२५ कोटी वर्षं! हे मला या केंद्रकाचं सगळ्यात सुंदर अंग वाटतं. त्याचा कोनीय संवेग (फिरकीचं माप) ४ एकक, कॅल्शियम-४० चा शून्य. हा फरक न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो या दोन हलक्या कणांनी न्यायचा. दोघांचं स्वतःचं परिवलन मिळून फार तर १. उरलेले ३ कक्षीय गतीतून यायला हवेत, आणि तशा गतीचे हलके कण केंद्रकापाशी सापडण्याची शक्यता अत्यल्प. आर्गॉनच्या वाटेवर संवेगाचा फरक २ च असतो, पण तिथे ऊर्जा फार थोडी मिळते. म्हणून दोन्ही वाटा संथ.

हवेत आर्गॉन ०.९३ टक्के आहे आणि तो जवळजवळ सगळा खडकांतल्या याच पोटॅशियमपासून अब्जावधी वर्षांत साठला.

सह्याद्रीच्या बेसॉल्टचं वय, सुमारे ६.६ कोटी वर्षं, असंच कळलं. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटतो. खडक घट्ट झाला की नवा आर्गॉन स्फटिकांत अडकतो. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवला की थोड्या पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ होतो. मग एकाच वायूत दोन्ही आर्गॉन मोजले की वय निघतं: ३९ वरून पोटॅशियम किती ते कळतं, ४० वरून त्यातलं किती बदललं ते.

तेव्हा केळी बिनधास्त खा; ‘किरणांपासून संरक्षण’ देणारी लॉकेटं मात्र विकत घेऊ नका. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा वस्तू तपासल्या, तेव्हा त्यांतल्या काही स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या.