मिसूरीचा राज्य कीटकतज्ज्ञ आणि १८७५ ची टोळधाड: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने १८६८ मध्ये कीटकतज्ज्ञाच्या पदावर चार्ल्स रायली यांना नेमले, तेव्हा त्यांना पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. जन्म लंडनचा, पुढे इलिनॉयमध्ये शेतावर राबले, मग शिकागोच्या एका शेतीविषयक नियतकालिकात लिहू लागले. १८७७ पर्यंत त्यांनी दरवर्षी एक असे नऊ अहवाल काढले. किडीची चित्रेही स्वतःच काढत.

या कारकिर्दीची खरी परीक्षा १८७५ च्या वसंतात झाली. आदल्या शरदात आलेल्या रॉकी पर्वताच्या टोळांनी पश्चिम मिसूरीत अंडी घातली होती. ती फुटली आणि पिल्लांनी शेतेच्या शेते खरवडून काढली. राज्यपालांनी ३ जून हा उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. रायलींनी वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले, की प्रार्थनेला नेटक्या, संघटित कामाची जोड मिळाली तरच ती फळेल. पदावरच्या माणसाने असे बोलावे का, यावर वाद झाला. पण उपाशी गावांना त्या घडीला हेच ऐकायला हवे होते.

काम कोणते, तेही त्यांनी दाखवले. दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि उभ्या कडांचा चर खणायचा. पंख न फुटलेली पिल्ले त्यात पडली की बाहेर येत नाहीत. चराच्या तळाशी आणखी खड्डे घेतले की तिथे त्यांचा ढीग साचतो. अंडी असलेली जमीन खोल नांगरून टाकायची.

टोळ जूनमध्ये उडून गेले. प्रार्थना फळली, असे अनेकांनी मानले. मात्र ही सखल, दमट भूमी त्यांचे कायमचे घर नाही, पंख फुटताच ते निघून जातील, हे रायलींनी आधीच लिहून ठेवले होते. याच भरवशावर पुन्हा पेरा, असेही ते सांगत होते.

फ्रान्समधली द्राक्षे फायलोक्सेराने मरत होती, तेव्हा ती कीड अमेरिकेतलीच आहे हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकन वेलींची मुळे ती सोसतात, म्हणून फ्रेंच बागा अमेरिकन खुंटांवर (म्हणजे मुळे असलेल्या बुंध्यांवर) कलमे करून सावरल्या. (आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळ अमेरिकेचाच, फक्त इथे तो क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ओढीसाठी लावतात.)

१८७८ मध्ये ते वॉशिंग्टनला केंद्रीय कृषी खात्यात गेले, वर्षभरात बाहेर पडले आणि १८८१ मध्ये परतले. तिथल्या काळातले खवलेकीड खाणाऱ्या ऑस्ट्रेलियन ढालकिड्यांचे (लेडीबर्डचे) यश आज सर्वांत जास्त सांगितले जाते: पहिल्या खेपांत आलेल्या जेमतेम १२९ किड्यांपासून वाढवलेल्या पिढ्यांनी कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांवरची खवलेकीड आटोक्यात आणली. त्याचे श्रेय कोणाचे, हा वाद मात्र बराच काळ चालला.

१८९५ मध्ये सायकल अपघातात रायली गेले. त्यांच्यामागे सातच वर्षे तो टोळ टिकला. १९०२ नंतर तो जिवंत कोणाला सापडलेला नाही. त्याची अंडी घालण्याची डोंगराळ नदीखोरी शेतकऱ्यांनी नांगराखाली आणली, हेच त्याचे कारण बहुतेक अभ्यासक मानतात.