संदर्भसजग मोबाइल नकाशा प्रणाली

संदर्भसजग मोबाइल नकाशा प्रणाली म्हणजे मोबाइल किंवा टॅबलेटवर चालणारी क्षेत्रकार्याची अशी संगणकप्रणाली, जी वापरणारा कोठे, केव्हा आणि कोणत्या कामासाठी उभा आहे हे ओळखून नकाशाचे प्रमाण, थर (रस्ते, शेतसीमा अशा माहितीचे वेगवेगळे स्तर) व भरावयाचे नमुने आपोआप बदलते. साध्या नकाशात स्थान दाखवणारा ठिपका मिळाला की काम संपते. येथे त्या ठिपक्यापासून कामाला सुरुवात होते.

संदर्भसजग संगणन ही कल्पना बिल शिलिट आणि मार्व्हिन थायमर या संगणकशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मांडली. ती शेतात आणि रानात उतरण्यास मात्र वेळ लागला. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली आणि संकेत घेणाऱ्या साध्या यंत्राची अचूकता एकदम वाढली. पुढे स्मार्टफोनमध्ये उपग्रहग्राहक, होकायंत्र, त्वरणमापक आणि कॅमेरा एकत्र आल्यावर वेगळे महागडे उपकरण बाळगण्याची गरज बऱ्याच कामांपुरती उरली नाही.

नागपूर हे या विषयाचे स्वाभाविक ठाणे म्हणता येईल. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय याच शहरात आहे. झिरो माइलचा स्तंभ तर मोजणीच्या त्याहून जुन्या परंपरेतला.

राज्यात 2021 पासून राबवला जाणारा ई-पीक पाहणीचा उपक्रम हे या तत्त्वाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. काटोलचा संत्राउत्पादक आपला गट क्रमांक निवडतो, पिकाची नोंद करतो आणि धुऱ्यावर उभा राहून छायाचित्र घेतो. छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदवले जातात, त्यामुळे नोंद खरोखर त्या शेतातूनच झाली का, हे पडताळता येते. गटांच्या सीमा मात्र जुन्या कागदी नकाशांवरून संगणकात आलेल्या असल्यास त्या जमिनीवरच्या धुऱ्याशी जुळतीलच असे नाही. मोबाइलची चूक मोकळ्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटर असते; पांदण रस्त्याला लागून असलेल्या अरुंद पट्ट्यात एवढ्याने शेजाऱ्याचा गट दिसू शकतो. म्हणून ठिपक्याभोवती अनिश्चिततेचे वर्तुळ दाखवणे हे चांगल्या प्रणालीचे पहिले लक्षण मानले पाहिजे. ते वर्तुळ लपवणारी प्रणाली कितीही देखणी असली तरी हद्दीच्या कामात भरवशाची नव्हे. हद्द कायम करण्यासाठी भूमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने अधिक अचूक स्थान मोजणारे यंत्र, वापरतो.

दुसरी अडचण निर्देशांकांची, म्हणजे स्थान दाखवणाऱ्या आकड्यांची. 78° पूर्व रेखांश नागपूर आणि अमरावती या शहरांच्या मधून जातो. त्याच्या पश्चिमेस यूटीएम पद्धतीचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकात मीटरमध्ये स्थान सांगण्याची पद्धत) 43वा आणि पूर्वेस 44वा पट्टा येतो. दोन्हीकडे फिरणाऱ्या पथकाच्या यंत्राने स्थान ओळखून पट्टा बदलला नाही, किंवा नोंदीत पट्टाच लिहिला नाही, तर तेच आकडे शेकडो किलोमीटर दूरची जागा दाखवतात.

पेंच व्याघ्र प्रकल्पासारख्या क्षेत्रात संदर्भ आणखी वेगळा असतो. व्याघ्र प्रकल्पांतील गस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत वनरक्षकाचा चाललेला मार्ग, पाऊलखुणा आणि छायाचित्रे नोंदवली जातात. येथे नेटवर्क तुटपुंजे असते, त्यामुळे नकाशाचे थर आधीच उतरवून ठेवावे लागतात आणि नोंदी नेटवर्क मिळेपर्यंत उपकरणातच साठवाव्या लागतात. पावसाळ्यात साग पानांनी भरला की उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर आकाश मोकळे होते, पण प्रखर उन्हात पडदा वाचणे कठीण होते आणि उपकरण तापते. प्रकाशसंवेदकाच्या आधारे पडद्याचा उजळपणा व रंगांतील विरोध वाढवणे, तसेच वनरक्षक एका जागी थांबला असता स्थाननोंदीची वारंवारता कमी करून बॅटरी वाचवणे, हे या परिस्थितीतले साधे पण उपयुक्त उपाय आहेत.

वापरणाऱ्याचे पद हाही संदर्भाचाच भाग आहे. वाघ कोठे दिसला हे बीटवरच्या (नेमून दिलेल्या गस्तक्षेत्रावरच्या) वनरक्षकाला आणि त्याच्या वरिष्ठांना दिसावे, परंतु तोच थर पर्यटकाच्या मोबाइलवर उघडला तर शिकाऱ्यांना वाट सापडू शकते. त्यामुळे अशा प्रणालीत कोणाला कोणता थर दिसेल, हे नकाशा तयार करतानाच ठरवावे लागते.