मेपलचा पाक आणि धुराड्यातून पळणारी आच

हिवाळा सरताना रात्री पाणी गोठतं आणि दुपारी वितळतं. अशा दिवसांत अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये शुगर मेपलच्या खोडातून रस पाझरू लागतो. चवीला तो जवळजवळ पाणीच; साखर जेमतेम २ टक्के. बाटलीत भरायच्या पाकात मात्र ती ६६-६७ टक्के लागते. म्हणजे लिटरभर पाकासाठी साधारण ४३ लिटर रस आटवायचा. गुऱ्हाळातल्या काहिलीत पडणारा उसाचा रस यापेक्षा कितीतरी गोड असतो, तरी चुलवाणापुढे चिपाडांचे ढीग लागतात.

लाकूड किती लागावं, याचा हिशेब करून पाहू. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. ४२ लिटर पाणी उडवायचं तर झाले ९५ मेगाज्यूल. थंडगार रस उकळीपर्यंत आणायला आणखी १७. चांगलं वाळलेलं लाकूड किलोमागे १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतं, म्हणून सगळी आच रसालाच मिळाली तर साडेसात किलोत काम भागेल. घरी बनवलेल्या चुलीवर प्रत्यक्षात याच्या कितीतरी जास्त सरपण जळतं. मग उरलेली आच जाते कुठे?

ही चूल बहुधा जुन्या लोखंडी पिंपाची किंवा तेलाच्या टाकीची असते. टाकी आडवी ठेवून वरचा भाग कापतात, पुढे दार, मागे धुराडं, आणि वर स्टेनलेस स्टीलच्या पसरट पराती. तोंडाशी जाळ धडधडतो, पुढच्या परातीला खळखळून उकळी येते, मागची नुसती वाफाळत राहते. धुराड्याचा पत्रा मात्र लाल होतो. तो लालपणा म्हणजे वाया चाललेली आच. चुलीचा मागचा भाग खोल आणि मोकळा असल्यामुळे तापलेले वायू परातीला नीट न शिवताच बाहेर निघून जातात.

माझ्या मते पहिली दुरुस्ती हीच करावी. मागच्या भागात विटा आणि वाळू भरून उतार चढवत न्यायचा आणि परातीखाली फक्त अरुंद फट ठेवायची. वायू त्या फटीतून परातीचा तळ घासत जातात. परातीला चिकटलेला वायूचा संथ थर वेगामुळे पातळ होतो आणि उष्णता पत्र्यात लवकर शिरते. फट किती ठेवायची, हे धुराड्यावरून ठरवावं. २० सेंटिमीटर व्यासाच्या धुराड्याचं तोंड साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर असतं. चूल ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर ५ सेंटिमीटरची फट ३०० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास तेवढीच. यापेक्षा फार बारीक केली तर ओढ मरते आणि धूर दारातून तोंडावर येतो.

दुसरी गोष्ट हवेची. लाकडाच्या वजनाचा बराच मोठा भाग आधी वायू बनून बाहेर पडतो आणि मग पेटतो. नुसती राखेवर लाकडं रचली तर त्या वायूला हवा पुरत नाही. काळा धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. म्हणून लोखंडी जाळी बसवून खालून हवा द्यावी, आणि छोटा पंखा जोडता आला तर जाळाच्या वरही बारीक भोकांतून थोडी सोडावी. दाराच्या आणि परातींच्या फटी मात्र बुजवाव्यात, कारण तिथून शिरणारी गार हवा आच खाते. लाकूड मनगटाएवढं फोडलेलं हवं, आणि दर आठ-दहा मिनिटांनी थोडं थोडं, आडवं-उभं घालायचं. चिपाडं एकदम न कोंबता सतत सारणाऱ्या गुऱ्हाळातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

गार रस एकदम ओतला की उकळी बसते. वरच्या हिशेबातले १७ मेगाज्यूल म्हणजे एकूण उष्णतेचा जवळजवळ सातवा हिस्सा. धुराड्याजवळ ठेवलेल्या भांड्यात रस आधी तापवून बारीक धारेने सोडला, तर त्यातला बराच भाग फुकटात मिळतो आणि उकळी मोडत नाही.

भांड्यांबाबत तडजोड नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा शिशाचं डाखकाम असलेली जुनी परात रसासाठी वापरू नये. पाकात ते उतरतं.

चूल सुधारली की एक धोका वाढतो. परातीत रस जेमतेम दोन इंच असतो, आणि आता तो आधीपेक्षा झपाट्याने उतरतो. फेसाखाली पातळी दिसत नाही. फेस बसवायला लोण्याचा इवलासा गोळा पुरतो, पण नजर हटली तर काही मिनिटांत साखर तळाला करपते. म्हणून रसाची धार आधी नीट बसवावी, पंखा मगच वाढवावा. शेवटी पाक साध्या पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर उकळू लागला की काढायचा. हवेच्या दाबाबरोबर पाण्याचा उकळबिंदू बदलतो, त्यामुळे त्याच दिवशी, त्याच जागी पाणी उकळून थर्मामीटर पाहून घ्यावा. उलथनं पाकात बुडवून उभं धरलं की कडेवरून थेंब सुटे पडत नाहीत, एकमेकांना चिकटून पातळ पडद्यासारखे लोंबतात. तेव्हा परात लगेच उतरवावी.