जातिवंत कोंबडी, जातिवंत डुक्कर आणि काउंटी फेअर: फोर-एचचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची शेती-जनावरांची जत्रा, भरते उन्हाळ्यात, बहुतेक ठिकाणी जून-जुलैत. तिथं मुलाला प्राणी दाखवायचा असेल तर फोर-एच या मुलांच्या संघटनेत नाव नोंदवायची शेवटची तारीख असते १५ जानेवारी. एवढं कळलं की अर्धी प्रक्रिया कळली. आमच्या कोलंबस गावात कमिन्स कंपनीमुळे पुण्याकडची घरं पुष्कळ. दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "पोरीला कोंबड्या दाखवायच्यात, फॉर्म कुठं मिळतो?" फॉर्म मिळतो, पण पुढच्या वर्षीचा.

पुढचं सगळं इंडियानाच्या नियमांप्रमाणे आहे. राज्य बदललं की तारखा बदलतात, काउंटी बदलली की फी आणि बारीकसारीक अटी बदलतात. कागदांची नावं मात्र बऱ्याच राज्यांत हीच आहेत.

फोर-एच ही मुलांची संघटना. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं. सुरुवात १९०२ साली शेजारच्या ओहायोतल्या क्लार्क काउंटीत झाली. आज प्रत्येक राज्यातलं कृषी विद्यापीठ ती चालवतं, आपल्याकडे पर्ड्यू विद्यापीठ. राहुरी किंवा दापोलीच्या विद्यापीठाचं विस्तार केंद्र असतं ना, तसंच पर्ड्यू एक्स्टेन्शनचं ऑफिस इथं प्रत्येक काउंटीत आहे. तुमचं काम त्याच ऑफिसात. फेअरच्या मैदानावर जाऊन चौकशी करू नका, तिथं वर्षभर कुलूप असतं.

कोण भाग घेऊ शकतं

तिसरीपासून बारावीपर्यंतची मुलं. बालवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी मिनी फोर-एच आहे, पण त्यात स्पर्धा नसते. नागरिकत्वाची अट नाही, एच-४ व्हिसावरची (आईबापांच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेली) मुलंही येतात. स्वतःचं शेत लागत नाही. मात्र घर सोसायटीत असेल तर आधी एचओएची, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेची, नियमावली वाचा. कोंबड्यांना परवानगी आहे का, कोंबड्याला आहे का (पहाटे आरवतो म्हणून तो बहुधा बाद असतो), हे लेखी बघून घ्या. डुक्कर तर गावाच्या हद्दीत ठेवताच येणार नाही असं धरून चाला. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बार्नमध्ये (गोठ्यात) जागा घ्यायची आणि मुलानं रोज तिथं जायचं, हा रुळलेला मार्ग आहे. प्राणी दुसऱ्याच्या बार्नमध्ये राहिला तरी चालतं. मालकी आणि देखभाल मुलाची हवी.

नोंदणी

फोर-एच ऑनलाइन या वेबसाइटवर घराचं एक खातं उघडायचं आणि त्यात प्रत्येक मुलाचं वेगळं पान. क्लब निवडायचा, प्रकल्प निवडायचे. पोल्ट्री आणि स्वाइन हे दोन वेगळे प्रकल्प आहेत. दोन्ही करायचे असतील तर दोन्हींवर खूण हवी. आरोग्याची माहिती, वर्तणुकीचे नियम, पालकांची सही, फी. अर्ध्या तासाचं काम. फी भरली म्हणजे झालं असं समजू नका, ऑफिसकडून मंजुरीचा मेल आला पाहिजे.

ही झाली मुलाची नोंदणी. प्राण्याची वेगळी, त्याच खात्यात, आणि डुकरांसाठी तिची मुदत १५ मे. नवखी मंडळी नेमकी इथं चुकतात. जानेवारीत सगळं उरकलं म्हणून निवांत बसतात.

वायक्यूसीए नावाचं एक प्रमाणपत्रही लागतं. अन्नसुरक्षा, प्राण्याची निगा आणि वागणूक असा साधारण तासाभराचा अभ्यासक्रम, मुलाच्या वयाप्रमाणे. ऑनलाइन केला तर १२ डॉलर, वर्गात बसून केला तर ३. दर वर्षी नव्यानं करायचा. इंडियानात कोंबडी आणि डुक्कर, दोन्हींना सक्तीचा आहे. तो मुलानंच करायचा. बापानं शेजारी बसून उत्तरं सांगितली की औषधाचा विथड्रॉवल काळ (औषध दिल्यावर मांस-अंडी वापरण्याआधी थांबायचे दिवस) म्हणजे काय हे पोराला कळत नाही, आणि शोमनशिपच्या, म्हणजे प्राणी हाताळून दाखवण्याच्या, रिंगणात परीक्षक नेमकं तेच विचारतो.

कोंबडी: जातिवंत म्हणजे काय

इथं गोंधळ फार होतो. दुकानातून आणलेली तपकिरी, रोज अंडं देणारी कोंबडी गुणी असते, पण गोल्डन कॉमेट किंवा आयएसए ब्राउन ही संकरित वाणं आहेत. निळीहिरवी अंडी देणारी ईस्टर एगर हीसुद्धा जात नाही. जातिवंत म्हणजे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकग्रंथात वर्णन असलेली. ही संस्था १८७३ सालची आणि ग्रंथाची पहिली आवृत्ती १८७४ ची. प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड, ऑर्पिंग्टन, लेगहॉर्न, ब्रह्मा, कोचीन, सिल्की ही नेहमी दिसणारी मंडळी. आपली असील त्यात आहे, कडकनाथ नाही. काळ्या कातडीचीच कोंबडी हवी असेल तर सिल्की घ्या. तिला पाच बोटं असतात आणि परीक्षक ती मोजतो.

प्रवेशपत्रावर चार गोष्टी लिहायच्या: जात, रंगप्रकार, नर की मादी, वय. 'प्लिमथ रॉक, बार्ड, तलंग' असं. वर्षाच्या आतली मादी ती तलंग, वर्ष ओलांडलं की कोंबडी. नरातही तसेच दोन वर्ग आहेत. नुसतं 'रॉक' लिहून चालत नाही, पांढरा रॉक आणि पट्ट्यांचा (बार्ड) रॉक वेगळे धरले जातात.

मानकात बाद ठरवणारे दोषही लिहिलेले आहेत. एकेरी तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा काटा, एका अंगाला कायम कललेली शेपूट, चोचीची कात्री, आणि सगळ्यात फसवा म्हणजे स्वच्छ पायाच्या जातीत नडगीवर उगवलेला पिसाचा एवढासा कोंब. तो डोळ्यांना दिसत नाही. अंगठा नडगीवरून खालून वर फिरवा, खवल्यांमध्ये दाढीच्या खुंटासारखं टोचतं. पिल्लं घेताना नाही, पण मे महिन्यात कोणता पक्षी न्यायचा हे ठरवताना प्रत्येकाच्या पायावरून अंगठा फिरवाच.

जुलैपर्यंत पिसारा भरायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे पिल्लं हिवाळ्यातच मागवायची. हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्राच्या, पक्ष्यांवर भागतं, पण जिंकायचं असेल तर प्रदर्शनाचे पक्षी पाळणाऱ्या ब्रीडरकडे जा. हॅचरीचा ऱ्होड आयलंड रेड विटकरी असतो. मानकाला हवा तो जवळजवळ काळपट तांबडा.

कागद एकच, पण तो नसेल तर दारातून परत. पुलोरम-टायफॉइड हा कोंबड्यांचा जुना रोग, आणि त्यासाठी १९३५ पासून एनपीआयपी ही राष्ट्रीय योजना आहे. एक तर पक्षी या योजनेतल्या स्वच्छ कळपातून थेट आलेला असावा आणि तसा ९-३ क्रमांकाचा फॉर्म विक्रेत्यानं दिलेला असावा, नाही तर प्रदर्शनाआधी ९० दिवसांच्या आत चाचणी झालेली असावी. हॅचरी हा फॉर्म खोक्यात टाकते आणि आपण खोकं फेकून देतो! पिल्लं आली की आधी कागद काढा, मग पिल्लं. घरी आल्यावर त्यांच्यात बिनतपासणीची कोंबडी मिसळली तर त्या फॉर्मला अर्थ उरत नाही, चाचणी करावीच लागते.

चाचणीला घाबरू नका. अधिकृत तपासनीस पंखाखालच्या शिरेला टोचतो, रक्ताचा एक थेंब पांढऱ्या पाटीवर घेतो आणि जांभळ्या द्रवात कालवतो. दोन मिनिटं बघायचं. द्रव एकसारखा राहिला तर पक्षी स्वच्छ, दही फाटावं तशा गुठळ्या झाल्या तर शंका. निकाल पायातल्या कड्याच्या नंबरावर लिहिला जातो. म्हणून कडी आधी घाला, आणि कोंबडीला फेअरच्या दोन-तीन दिवस आधी अंघोळ घालताना ती निसटू देऊ नका.

डुक्कर: कान, टॅग आणि मालकाचं नाव

डुकराचं वेळापत्रक वेगळं. हिवाळ्यात जन्मलेलं पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं झालं की घ्यायचं. यॉर्कशायर, ड्युरॉक, हॅम्पशायर, लँड्रेस या जातींची वंशावळ नॅशनल स्वाइन रजिस्ट्री ठेवते. ती संस्था पर्ड्यूच्याच गावात, वेस्ट लाफायेतला स्थापन झाली. बर्कशायरची संस्था १८७५ ची. जातीच्या वर्गात उतरायचं तर नोंदणीपत्र लागतं आणि त्यावर मालक म्हणून मुलाचं नाव लागतं.

इथं आम्ही स्वतः तोंडावर आपटलो. पहिल्या वर्षी ड्युरॉक मादी घेतली, चेक माझ्या नावाचा, म्हणून ब्रीडरनं मालकी माझ्या नावावर चढवली. कागद आला, मी फाइलला लावला, नाव वाचलंच नाही. तपासणीच्या दिवशी ते निघालं. मुदत कधीच उलटून गेली होती, आणि लेकीनं तिचं उत्तम ड्युरॉक संकरितांच्या वर्गात उतरवलं. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हा पैसे कुणीही द्या, ब्रीडरच्या हातात मुलाचं नाव स्पेलिंगसकट कागदावर लिहून द्या.

नोंदणीपत्रावर कानांच्या खाचांचे आकडे असतात, ते प्रत्यक्ष कानाशी जुळावे लागतात. पिल्लू काही दिवसांचं असतानाच या खाचा पाडतात. उजवा कान वेताचा, डावा त्या पिल्लाचा. उजवा म्हणजे डुकराचा उजवा, तुमचा नव्हे. उजव्या कानाच्या खालच्या कडेला टोकाकडची खाच १, डोक्याकडची ३. वरच्या कडेला डोक्याकडची ९, टोकाकडची २७, आणि अगदी टोकाला असेल तर ८१. एका जागी दोन खाचा असल्या तर दोनदा मोजायच्या. डाव्या कानावर १, ३ आणि ९ एवढ्याच जागा. आता उजव्या कानावर वर डोक्याकडे एक, खाली डोक्याकडे एक आणि खाली टोकाकडे दोन खाचा असतील तर ९, ३, १, १ म्हणजे चौदावं वेत. डाव्यावर खालच्या कडेला डोक्याकडे एक आणि टोकाकडे दोन, म्हणजे पाचवं पिल्लू. कागदावर १४-५ असायला हवं. पैसे देण्याआधी हे तिथंच, बार्नमध्ये मोजा. पुण्यात आईला व्हिडिओ कॉलवर नात हे वाचून दाखवत होती, तर आई म्हणाली, "पाढे पाठ करायला डुक्कर आणलं का गं?"

बाकी डुकरासाठी लागतं ते असं:

- प्रिमायसेस आयडी: प्राणी राहतो त्या जागेचा सात अक्षर-अंकांचा क्रमांक. राज्याचं पशुआरोग्य मंडळ फुकट देतं. दुसऱ्याच्या बार्नमध्ये ठेवलं असेल तर त्या बार्नचा क्रमांक.
- कानात ८४० टॅग: पंधरा आकडी, ८४० नं सुरू होणारा. ऑनलाइन नोंदवताना एक आकडा चुकला की ते दुसरंच डुक्कर ठरतं. फोटो काढा आणि फोटोवरून टाइप करा.
- राज्याच्या फेअरला जायचा विचार असेल तर डीएनएसाठी केसांचा नमुना, काउंटी ऑफिसच्या लिफाफ्यातून, मे महिन्यातच. केस मुळासकट उपटलेले हवेत, कापलेले चालत नाहीत.
- परराज्यातून आणलं असेल तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र. ओहायो किंवा इलिनॉयमधून स्वस्तात मिळालं म्हणून नुसतंच ट्रेलरमध्ये घालून आणू नका.
- दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद, तारखेसह. विथड्रॉवल काळ संपण्याआधी प्राणी विक्रीला जाऊ शकत नाही.

अर्ज भरण्याआधी घरात बोलायची गोष्ट

मांसासाठीच्या वर्गातली डुकरं बऱ्याच फेअरमध्ये परत घरी येत नाहीत. शो संपला की लिलाव, आणि तिथून ट्रक थेट कत्तलखान्याकडे. नियमपुस्तिकेत 'टर्मिनल शो' एवढे दोनच शब्द असतात, आणि अर्जावर सही केली की ते मान्य झाले. पाच महिने रोज ब्रश केलेलं, नाव ठेवलेलं डुक्कर असतं ते. मुलाला हे जानेवारीत सांगा. मांस न खाणाऱ्या घरांना माझा सरळ सल्ला: कोंबडी घ्या, नाही तर पैदाशीच्या मादीचा वर्ग घ्या. पण काही काउंट्यांत डुकरांचा सगळाच शो टर्मिनल असतो, म्हणून ऑफिसला आधी विचारा. लिलावाचे पैसे हे मुलाचं उत्पन्न धरलं जातं. व्हिसावर असाल तर करसल्लागाराशी आधीच बोला.

फेअरच्या दिवशी

तपासणीच्या टेबलावर मूळ कागद लागतात, फोनवरचा फोटो नाही. प्लॅस्टिकच्या एका फोल्डरमध्ये नोंदणीपत्र, ९-३ फॉर्म किंवा चाचणीचा निकाल, वायक्यूसीए प्रमाणपत्र आणि औषधनोंद. पशुवैद्य नजर टाकतो. खोकणारं किंवा ताप असलेलं डुक्कर परत पाठवतो, आणि त्यावर वाद घालता येत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात डुकरांकडून माणसांना झालेल्या फ्लूचे तीनशेहून जास्त रुग्ण सापडले, त्यांत सर्वाधिक इंडियाना आणि ओहायोतले, आणि बहुतेकांचा संबंध अशाच फेअरशी होता. बार्नमध्ये खाऊपिऊ नका ही पाटी तेव्हापासून गंभीरपणे घेतात. पक्ष्यांचंही तसंच: बर्ड फ्लूमुळे २०१५ साली इंडियानात पक्ष्यांची प्रदर्शनं रद्द झाली, आणि मुलं पोस्टर घेऊन उभी राहिली. असा आदेश आला तर काउंटी ऑफिस मेल पाठवतं, म्हणून खात्यावरचा ईमेल तुम्ही रोज बघता तोच द्या.

परत आणलेल्या कोंबड्या लगेच खुराड्यात सोडू नका. दोन ते चार आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळी भांडी, आणि आधी घरच्या पक्ष्यांना दाणा घालून मग यांच्याकडे जायचं.