मामा चालताना का थांबतात?

माझ्या मोठ्या मामांना डाव्या बाजूचा अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. आता ते चालतात. हातात काठी, डावा पाय बाजूने अर्धगोल फिरवत, पण घरभर चालतात. सोफ्यावरून उठून जेवायला निघाले की मामी आतून विचारते, "अहो, भाकरी वाढू की पोळी?" मामा जागच्या जागी थांबतात. "भाकरी" म्हणतात आणि मग पुढचं पाऊल टाकतात. घरात यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे मामांना कमी ऐकू येतं, आणि दुसरं, डोकं जरा मंदावलंय. दोन्ही साफ चूक. बसल्या जागी हेच मामा रमीत आम्हा सगळ्यांना कंगाल करतात.

ही खूण वैद्यकाच्या जगात चांगलीच ओळखीची आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या काही संशोधकांनी 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख लिहिला होता. निवासी संस्थेत राहणाऱ्या ५८ वृद्धांसोबत चालता चालता त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कुठे ना कुठे पडले. हे सगळे काही अर्धांगवायूचे रुग्ण नव्हते, पण मुद्दा तोच आहे. ज्याला चालायला लक्ष द्यावं लागतं, त्याच्याकडे बोलण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नाही.

एरवी चालण्याचा बराचसा कारभार खालच्या पातळीवर चालतो. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की पाय आळीपाळीने पुढे टाकण्याची मूळ लय मज्जारज्जूच तयार करू शकतो. माणसात मेंदूचा वाटा मांजरापेक्षा मोठा आहे, तरी सपाट रस्त्यावर आपण पावलं मोजत बसत नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून जाताना मात्र गप्पा आपोआप बंद होतात. मामांसाठी दिवाणखान्यातली फरशी म्हणजे कायमचा निसरडा बांध आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातून निघून डाव्या पायाला हुकूम पोचवणारी वाट झटक्यात तुटली. आता जे काम आपसूक व्हायचं, ते कपाळामागच्या भागाला, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला जातीने करावं लागतं. लक्ष देणं, बेत आखणं, चूक सावरणं हे त्याचं खातं.

पण चालत्या माणसाच्या कपाळामागे काय चाललंय हे कळतं कसं? एमआरआयच्या नळकांड्यात चालता येत नाही. इथे जी युक्ती वापरतात ती मला भयंकर आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोविडच्या काळात तुम्ही बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ती कल्पना. (हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमकं सगळं जग त्यांचं यंत्र शोधत औषधांच्या दुकानांत फिरत असताना.) त्याच यंत्राचा चुलतभाऊ कपाळावर बांधायचा.

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरलात तर बोटं लाल दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकतं, लाल निसटतो. लालच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्तही कमी शोषतं आणि पाणीही. शरीराला पडलेली ही खिडकीच म्हणा ना. या खिडकीतून कवटीच्या आत डोकावता येतं हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं.

कपाळावर एक दिवा आणि त्यापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर एक डिटेक्टर. आत शिरलेला प्रकाश सरळ जात नाही, घाटातल्या धुक्यात हेडलाइट पसरतो तसा विखुरतो. बहुतेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, वाटेतच संपतात. थोडे मात्र कातडी, कवटी ओलांडून मेंदूच्या वरच्या थराला शिवतात आणि केळ्यासारख्या बाकदार वाटेने परत बाहेर येतात. अंतर तीन सेंटिमीटर, पण मोठ्या माणसाच्या डोक्यात फोटॉनची पायपीट सरासरी त्याच्या सहापट! आता गंमत बघा. प्राणवायू घेतलेलं आणि सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ८०० च्या अलीकडे प्राणवायू सोडलेलं जास्त शोषतं, पलीकडे घेतलेलं. म्हणून दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे दिवे लावायचे. प्रत्येकाचा किती प्रकाश घटला ते मोजायचं, वाटेची लांबी लक्षात घेऊन बिअर-लँबर्टच्या नियमात (किती प्रकाश शोषला गेला यावरून पदार्थ किती आहे हे सांगणारा नियम) घालायचं आणि दोन अज्ञातांची दोन समीकरणं सोडवायची. नववी-दहावीचं बीजगणित. उत्तरात दोन्ही हिमोग्लोबिनांमधला बदल मिळतो. मूळ प्रमाण नाही, फक्त बदल. म्हणूनच आधी माणसाला स्वस्थ उभं करतात आणि मग चालवतात.

हिमोग्लोबिन मोजून मेंदूचं काम कसं कळतं? मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं. पाच पाहुणे आले की मामी वीस भाकऱ्या थापते, तसं. त्यामुळे काम वाढलं की प्राणवायूवालं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, बिनप्राणवायूचं घटलेलं. पण या भाकऱ्या यायला पाच-सहा सेकंद लागतात, तेवढ्यात मामांचीसुद्धा चार-पाच पावलं पडतात. शिवाय कपाळाच्या कातडीतही रक्त असतंच. ते वजा करायला जेमतेम आठ-दहा मिलिमीटरवर आणखी एक डिटेक्टर लावतात, ज्याला फक्त कातडीच दिसते. हे न करता काढलेल्या रंगीत चित्रांवर मी तरी फारसा भरवसा ठेवत नाही.

आता तळपाय. निरोगी पाऊल टाचेवर पडतं. दाबाचा मध्यबिंदू टाचेतून निघून तळव्याच्या बाहेरच्या कडेने चवड्याकडे सरकतो आणि अंगठ्यातून निसटतो. शेवटी पोटरीने दिलेला रेटा शरीराला पुढे ढकलतो. बुटातल्या पातळ इनसोलमध्ये दाब मोजणारे सेन्सर बसवले की सेकंदाला शंभर वेळासुद्धा ही वाट टिपता येते. मामांना इनसोल नको, त्यांच्या जुन्या स्लिपरा पुरेत. उजवीची टाच झिजून पापुद्रा झालीय. डावीची टाच अजून नवीकोरी, आणि पुढची बाहेरची कड मात्र खाल्लेली. म्हणजे डावं पाऊल टाचेवर पडतच नाही. पंजा खाली लोंबतो, आतल्या बाजूला वळतो आणि बाहेरच्या कडेवर उतरतो. दाबाची वाट आखूड होते, शेवटचा रेटा जवळजवळ नसतो, आणि त्या पायावर भार टाकायचा वेळही कमी. मामी एवढंच म्हणते, "डावी चप्पल सारखी निसटते यांची."

वाट अवघड केली, म्हणजे अडथळा ठेवला किंवा १०० मधून तीन-तीन वजा करत चालायला सांगितलं, की बहुतेकांचा वेग घटतो. कपाळावरचं चित्र मात्र सगळ्यांचं सारखं नसतं. निरोगी माणसात साध्या चालीला प्राणवायूवाल्या हिमोग्लोबिनचा आकडा कमी असतो आणि अवघड चालीला चढतो. अर्धांगवायूनंतर अनेकांचा आकडा साध्या चालीलाच चढलेला असतो. मग अवघड वाटेवर काहींचा आणखी वाढतो, तर काहींचा वाढतच नाही आणि नुसती चाल बिघडते. ठेव आधीच मोडलेली असेल तर अडीनडीला काय काढणार?

म्हणून मेंदू 'जास्त उजळला' की रुग्ण सुधारला, असं समजणं भाबडेपणाचं आहे. जपानमध्ये मियाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच तंत्र वापरून दाखवलं, की चाल सुधारत गेली तसा हालचालींशी संबंधित भागांतला डाव्या-उजव्या बाजूंचा असमतोल कमी झाला. नुसता उजेड वाढण्याला तिथे महत्त्व नव्हतं. पण मेंदू 'जागृत' करण्याचा धंदा आपल्याकडे जोरात आहे. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे मिडब्रेनवाले आठवतात ना? त्याहून वाईट म्हणजे 'अंगावरून वारं गेलं' म्हणून कबुतराचं रक्त चोळत बसणं. अहो, वारं कसलं! रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, तेही फुटलेली नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहून. कबुतर पकडण्यातच त्यातले दोन तास जातात.

कपाळ आणि तळपाय एकत्र मोजण्यात अर्थ आहे तो यासाठी. इनसोल म्हणजे दुकानातल्या प्रत्येक खरेदीची पावती, पाऊल न् पाऊल टिपणारी. कपाळावरचा पट्टा म्हणजे उधारीची वही, अर्ध्या-एक मिनिटाची बेरीज दाखवणारी. दोघांची पावलं सारखीच सुबक पडत असतील, पण एकाला ती फुकट पडतात आणि दुसऱ्याला कपाळ पिळून. फक्त पाय पाहणाऱ्याला दोघे सारखेच बरे वाटतील. दुसऱ्याला गर्दीचा रस्ता ओलांडायला पाठवलं की फरक कळेल, पण तेव्हा फार उशीर झालेला असेल.

मामांची फिजिओथेरपिस्ट हल्ली त्यांना चालताना १०० पासून तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावते, अर्थात कमरेचा पट्टा धरून. मागच्या आठवड्यात मी शेजारून चालत होतो. मामा ८८ पर्यंत आले, मग न्हाणीघराचा उंबरा आला. आकडे थांबले. काठी पलीकडे, उजवा पाय पलीकडे, मग डावा, चवडा उंबऱ्याला घासत. पलीकडे दोन्ही पाय टेकल्यावर मामा म्हणाले, "पंच्याऐंशी."