स्मॉल कॉपर आणि लार्ज कॉपर: घोळ होतो तो मादीमुळे

स्मॉल कॉपर (लायसिना फ्लीअस) आणि लार्ज कॉपर (लायसिना डिस्पार) ही युरोपातील दोन तांबूस-नारिंगी फुलपाखरे. नरांपुरते पाहिले तर त्यांत गल्लत होण्याचे कारण नाही, कारण लार्ज कॉपरच्या नराचे पंख वरून झळाळते नारिंगी आणि जवळजवळ कोरे असतात. घोळ होतो तो मादीमुळे: तिच्या पुढच्या पंखांवर स्मॉल कॉपरसारखेच काळे ठिपके असतात आणि मागचे पंख तसेच काळपट, कडेला नारिंगी पट्ट्याचे असतात. आकारावर फार विसंबू नये, कारण मध्य युरोपात लार्ज कॉपरची उन्हाळ्यातली दुसरी पिढी मुळातच लहान निपजते. खरी खूण मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला आहे. स्मॉल कॉपरची ती बाजू मातकट तपकिरी, पुसट ठिपक्यांची असते. लार्ज कॉपरची निळसर-रुपेरी असून तीवर ठसठशीत काळे ठिपके आणि रुंद नारिंगी पट्टा उठून दिसतो.

दोघांच्याही अळ्या आपल्या आंबट चुक्याच्या वंशातील झाडांवरच वाढतात, पण पुढचे बरेच वेगळे. स्मॉल कॉपरची मादी कोरड्या, मोकळ्या गवताळ जागेतील सोरेल या चुक्याच्याच वंशातल्या रोपाच्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते. नुकतीच बाहेर पडलेली हिरवी अळी पान खालून कुरतडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काचेच्या तावदानासारखे पारदर्शक चट्टे उमटतात. अळी सापडली नाही तरी हे चट्टे पाहून तिचा माग लागतो. इंग्लंडमध्ये वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात आणि हिवाळा अळीच्याच अवस्थेत निघतो.

लार्ज कॉपरची अळीही हिवाळा तशीच काढते, शिवाय पुराच्या पाण्याखाली काही काळ तग धरते. इंग्लंडमध्ये मात्र हे फुलपाखरू वर्षाला एकाच पिढीवर आणि दलदलीतल्या ग्रेट वॉटर डॉक या एकाच वनस्पतीवर अवलंबून होते. शेतीसाठी पूर्व इंग्लंडमधील पाणथळ जमिनी उपसल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते तेथून नाहीसे झाले. 1927 मध्ये तिथल्याच वुडवॉल्टन फेन या पाणथळ जागी डच उपजातीची फुलपाखरे सोडण्यात आली, पण बंदिस्त जागेत वाढवलेल्यांची भर घातल्याशिवाय ती वसाहत टिकली नाही.

त्यामुळे ब्रिटनमध्ये असे ठिपकेदार नारिंगी फुलपाखरू दिसले तर ते स्मॉल कॉपरच समजावे. पोलंड किंवा हंगेरीत मात्र ते पंख मिटून बसेपर्यंत थांबावे लागते.