चुना टाकताय? आधी माती कोकणातली की देशावरची ते बघा

टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडायला लागली की कोणीतरी हमखास सांगतं, पानाचा चुना पाण्यात कालवून घाल, कॅल्शियम मिळेल. मला हे ऐकून खरंच काळजी वाटते, कारण बऱ्याचदा मातीत कॅल्शियम भरपूर असतं, पाणी कधी जास्त कधी कमी झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही एवढंच.

चुन्याचं खरं काम आहे आंबट माती सुधारणं. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत दरवर्षी एवढा पाऊस कोसळतो की कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं, सामू (म्हणजे पीएच) साडेपाचच्या खाली गेला तर मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं आणि स्फुरद (फॉस्फरस) लोह-अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतं, मग खत कितीही घाला, झाड खुरटंच. सामू 6 वरून 5 वर आला म्हणजे आंबटपणा 10 पट वाढला, हे लक्षात ठेवा.

देशावरची काळी माती मात्र बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी (म्हणजे आंबटाच्या उलट), खणलं की चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. तिथे अजून चुना टाकलात तर झाडाला लोह मिळेनासं होतं, नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. चमचाभर सुक्या मातीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर चुन्याचा डबा परत ठेवून द्या. नाही फसफसली म्हणून माती आंबटच असंही नाही हां, त्यासाठी माती परीक्षणच करायला लागतं, चार-पाच जागची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून द्यायची.

आता कुठला चुना? घरच्या बागेला दळलेली चुनखडी सगळ्यात बरी, सावकाश काम करते, चुकलं तरी फार बिघडत नाही. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) घ्या. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी) नकोच, पाणी लागलं की उकळतो, डोळ्यात गेला तर इजा होते. शिवाय तो तीव्र, 100 किलो चुनखडीचं काम 56 किलोत करतो, विरवलेला (म्हणजे कळीच्या चुन्यावर पाणी घालून केलेला) चुना 74 किलोत, त्यामुळे माप सहज चुकतं.

परीक्षणात माती आंबट निघाली तर चौरस मीटरला 200 ग्रॅम चुनखडी पावडरीपासून सुरुवात करा, मातीत नीट मिसळा, लागवडीआधी दोन-तीन महिने मुरू द्या. अननस, चहा, निळा हायड्रेंजिया यांच्या बुडाशी टाकू नका, त्यांना आंबटच लागतं. आणि युरिया किंवा ताजं शेणखत त्याच दिवशी नको, चुन्याने नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं, मध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.